डोळ्यांची फेरमोजणी

आमच्या घरमालकांनी मला दोन खोल्या दिल्या तेव्हा करारनाम्याआधी चतुःसीमेवर सही घेतली. फुलस्केप कागदावर काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पूर्वेस मोरी व तुळस, पश्चिमेस मालकांचे देवघर, उत्तरेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस विहिरीकडे जाण्याची वहिवाटीची वाट. मुरुडकडच्या त्या गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला नवीनच लागले होते.

"काका, मला झोपायला आणि वह्या तपासायला जागा हवीय. एवढं कशाला?"

"झोपायचंय म्हणूनच," ते गंभीरपणे म्हणाले. "झोपेत माणूस कुठंही सरकतो."

सगळी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. भूकरमापक. जिल्ह्यातली निम्मी शेतं आणि वाड्या त्यांच्या साखळीखालून गेलेल्या. निवृत्त झाले तरी कानावर पेन्सिल आणि खिशात टेप कायम. घरात काही सापडत नसलं तर त्यांना विचारायची सोय होती, पण उत्तर ऐकून होकायंत्र आणावंसं वाटायचं. "काडेपेटी? चहाच्या डब्याच्या आग्नेयेला." शाळेपासून घर किती पावलं, देवळापासून समुद्र किती पावलं, सगळं तोंडपाठ. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या हातच्या आमटीची आठवण काढतानासुद्धा "त्या कोपऱ्यात, खिडकीपासून चार फुटांवर चूल होती" अशी सुरुवात व्हायची.

सकाळी आठपासून पडवीत त्यांची खुर्ची लागायची. कोणी म्हसळ्याहून, कोणी आगरदांड्याहून नकाशे घेऊन सल्ल्याला यायचं. काका नकाशा मांडीवर पसरून भिंग लावायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य सांगायचे, "हद्द माहीत नसली की माणूस भांडतो. माहीत झाली की कोर्टात जातो. चहा घेणार?" लोक चहा घेऊन समाधानानं जायचे. गंमत अशी, की अख्ख्या जिल्ह्याचे बांध मिटवणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा बांध काही मिटवता आला नव्हता.

तो बांध म्हणजे पडवीच्या डाव्या हाताचा जांभ्या दगडाचा गडगा. कमरेएवढा. पलीकडे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ राहायचे. वडिलांमागे वाडीची वाटणी झाली, पोफळी मोजल्या, माड मोजले, आणि सगळं गोडीगुलाबीनं होऊन घोडं अडलं ते एका नीरफणसावर. हे झाड बरोबर गडग्यात. मूळ इकडे, कल तिकडे, फांद्या दोन्हीकडे. काकांनी ते सात वेळा मोजलं आणि सातही वेळा झाड त्यांच्याच बाजूला आलं. धाकट्यांचं म्हणणं, "मोजणारा तोच असल्यावर झाड माझ्याकडे येईल कसं?" आता हेही काही खोटं नव्हतं.

धाकटे अलिबागच्या कोर्टात कारकून होते. म्हणजे एक मोजणीवाला आणि एक कोर्टवाला, मध्ये झाड. मी राहायला आले तेव्हा चौदा वर्षं दोघांत शब्द नव्हता. बोलायचंच झालं तर काका रजिस्टर्ड पत्र पाठवायचे. पत्र इकडच्या पडवीतून निघायचं, पोस्टात जायचं, तिथून फिरून तीन दिवसांनी पलीकडच्या पडवीत पोचायचं. अंतर किती? बावीस पावलं, अर्थातच मोजलेली. आणि धाकटे ते न फोडता "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत पाठवायचे. पोस्टमन बिचारा म्हणायचा, "बाई, यांच्या टपालावर माझी सायकल झिजली."

नीरफणस लागले की काका खुर्ची हलवायचे नाहीत. एक फळ जरी पलीकडे गेलं तरी पंचनामा. मी राहायला आले त्या वर्षी धाकट्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, वाऱ्यानं पडलेलं एक फळ उचललं, तर काकांनी त्या जागेचा फोटो काढून तारखेसकट फायलीला लावला होता.

पुढंपुढं मात्र गावात काकांबद्दल दोन मतं झाली. एक मत असं, की काका माजले. नारळ काढायला येणारा गडी मला एकदा म्हणाला, "बाई, काकांचा आमच्यावर राग हाय का? काल बाजूनं गेलो, राम राम केला. न्हाय बघितलंच. दगडावानी बसून हुते." पोस्टमनचीही तीच तक्रार, दूधवाल्याचीही. दुसरं मत असं, की काका निवळले. हे मत पलीकडच्या घरातून निघालं होतं. वहिनी विहिरीवर हळूच म्हणाल्या, "वय झालं हो. आता पूर्वीसारखं नाही करत. देव करो आणि असंच राहो."

मला दोन्ही पटायचं. माणूस निवळतोही आणि माजतोही, कधी कधी एकाच वेळी.

त्याच सुमारास त्यांचं आणि देवघराच्या चौकटीचं भांडण सुरू झालं. रोज डावा खांदा आपटायचा. एकदा, दोनदा, दहादा. तिसऱ्या आठवड्यात टेप निघाला. चौकट मोजली, उंबरा मोजला, ओळंबा लावला. सगळं होतं तिथंच होतं. तरी काकांनी निकाल दिला, "घर खचतंय. एक सूत सरकलंय." भिंतीवर खडूनं खूण केली आणि दर रविवारी ती तपासायला लागले. मी आपली हसायची. "काका, घर सरकतंय तर झाड पण सरकलं असेल, परत मोजा." ते रागावायचे नाहीत. उलट वहीत टिपून ठेवायचे. अहो, घराचा दगडन्‌दगड मोजला त्या माणसानं, फक्त एक गोष्ट मोजायची राहिली.

ती मला कळली एका रविवारी. मी पडवीत वह्या तपासत होते, काका खुर्चीत पेपर वाचत होते. दहाचं लख्ख ऊन. गडग्यापलीकडून धाकटे आले, हातात जाळी बांधलेला लांब बांबू. इकडे तिकडे न बघता त्यांनी झाडाला बांबू लावला आणि एक नीरफणस अलगद जाळीत घेतला. आता महाभारत! काकांनी पान उलटलं. दुसरा फणस. तिसरा. आमच्यापासून दहा पावलांवर, अगदी काकांच्या डाव्या हाताला. चौथा काढताना धाकटे थांबले, थेट काकांकडे बघितलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मान लववून गेले. हो, मान लववून. मी स्वतः बघितलं.

"काका," मी म्हटलं, "ते काय चाललं होतं?"

"कुठं?"

"नीरफणसाखाली."

त्यांनी पेपर खाली घेतला आणि अख्खी मान वळवून तिकडे बघितलं. तोवर तिथं कोणी नव्हतं. "काही नाही. सगळं शांत आहे," ते म्हणाले आणि परत पेपरात शिरले. तासाभरानं पलीकडून तेलात काही पडल्याचा चरचर आवाज आला, पाठोपाठ रवा लावलेल्या कापांचा वास. काकांनी नाक वर केलं. "कुणाकडे तरी नीरफणसाचे काप होतायत," ते म्हणाले. "नशीबवान आहेत."

वह्या बाजूला सारल्या. मी उठून त्यांच्यासमोर बसले. "काका, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. पेन्सिल दिसली की सांगा." उजवीकडून पेन्सिल आणली, लगेच "दिसली" म्हणाले. डावीकडून आणली. कानाजवळ नाही, गालासमोर नाही. पार त्यांच्या नाकासमोर आली तेव्हा म्हणाले, "हां, आता. उशीर का केलात?"

दरवर्षी मी दहावीला मानवी डोळा शिकवते. आकृती काढते, नावं देते, पडदा, भिंग, नस. आणि हा माणूस दोन वर्षं माझ्यासमोर चौकटीवर आपटत होता आणि मी हसत होते. मला माझाच संताप आला.

त्यांना अलिबागला न्यायला चार दिवस लागले. "माझी नजर उत्तम आहे," म्हणून त्यांनी सातबाऱ्यावरची बारीकातली बारीक ओळ चष्म्याशिवाय वाचून दाखवली. समोरचं दिसत होतंच हो, प्रश्न कडेचा होता. मग म्हणाले, "असेल मोतीबिंदू. पिकू दे, मग काढू."

"फणस आहे का पिकायला?" मी ओरडले. तेव्हा कुठं एसटीत बसले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, थेंब घालून डोळ्यांचा आतला भाग बघितला आणि मग काकांना एका पांढऱ्या गोल यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकायची, मधल्या दिव्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक प्रकाश चमकला की बटण दाबायचं. झालं! काकांच्या धंद्यालाच हात. "याचा शून्य कधी तपासला होता? यंत्र समपातळीत आहे का? मला बटण दाबायला पुरेसा वेळ मिळाला नाही, फेरमोजणी पाहिजे." त्या शांतपणे म्हणाल्या, "करू." आणि केली. दुसरा कागद पहिल्यासारखाच आला.

तो कागद म्हणजे नजरेचा नकाशाच. डाव्या डोळ्याचा डावा भाग पार काळा, उजव्या डोळ्यालाही डावीकडून दाट काळी सावली. काकांनी तो हातात घेतला. भिंग काढलं. खूप वेळ बघत राहिले. आयुष्यात इतके नकाशे बघितलेला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

"हे कडेनं खात आलंय," ते म्हणाले.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचबिंदू असाच येतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. बहुतेकांचा दाब वाढलेला असतो, काहींचा नसतोही. दुखत नाही, लाल होत नाही. मधलं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा बरंच गेलेलं असतं."

"मालक घरात बसलेला असतो आणि शेजारी बांध सरकवत येतो," काका म्हणाले. "पडवीपर्यंत आला की मालकाला कळतं. माझ्या हातून अशी शेकडो प्रकरणं गेली." मग त्यांनी हळूच विचारलं, "गेलेलं परत मिळेल?"

"नाही, आजोबा. आहे ते राखायचं. थेंब आयुष्यभर, रोज, न चुकता."

"म्हणजे दावा नाही. नुसता मनाई हुकूम," काका म्हणाले. त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. दहा-बारा वर्षांपूर्वी डोळे आले होते तेव्हा कुणीतरी लिहून दिली होती. डोळा लाल झाला, चुरचुरला, की काका दुकानातून हीच आणून घालायचे. डॉक्टरीणबाईंनी ती बाटली बघितली आणि सरळ टोपलीत टाकली. "यात स्टिरॉइड आहे. असं मनानं वर्षानुवर्षं घातलं की दाब वाढतो. घरात आणखी कुणाला काचबिंदू?"

"वडील शेवटी शेवटी पायरी चुकायचे. आम्ही म्हणायचो म्हातारपण."

"भावंडं?"

काका पिशवीची नाडी बांधायला लागले. मीच सांगितलं, "एक धाकटे भाऊ आहेत."

"त्यांना लवकरात लवकर पाठवा. सख्ख्या भावंडांना धोका फार. चाळिशी उलटली की कुणीही तपासून घ्यावं, पण ज्याच्या रक्तात आहे त्यानं तर थांबूच नये. मधुमेह आहे त्यांना? लांबचं बघायचा जाड चष्मा?"

काका बोटं मोजत होते. भाऊ. साठी उलटलेली. साखर. आणि चष्मा शाळेपासून, बाटलीच्या बुडासारखा, ज्यावरून लहानपणी त्यांनीच त्याला चिडवलेलं. चारही बोटं दुमडली तसा त्यांचा चेहरा उतरला. स्वतःचा नकाशा बघतानाही उतरला नव्हता एवढा.

परतीच्या एसटीत ते रेवदंड्यापर्यंत तो कागद उघडत-मिटत होते. मग एकदम म्हणाले, "बाई, त्याला जायला लावलं पाहिजे. पण मला डावीकडचं दिसत नाही हे त्याला सांगायचं नाही. शपथ घ्या. झाड त्याच बाजूला आहे."

आता बोला! भावाचे डोळे वाचवायचे होते, पण झाडाचा पहाराही उठवायचा नव्हता.

मी पलीकडे गेले. काकांना काचबिंदू निघालाय, तुम्हीही तपासून घ्या, एवढंच सांगितलं. धाकट्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या आहात, पण मी हयात कोर्टात काढलीय. उद्या मी डोळे तपासायला गेलो, की परवा हा म्हणणार, याला दिसतच नाही, याची झाडाबद्दलची साक्ष बाद करा. दादाची चाल मला नाही कळणार?" मी कपाळाला हात लावला. मग काकांनी रजिस्टर्ड पत्र धाडलं. तीन दिवसांनी परत. घेण्यास नकार.

"अहो, गडग्यावरून एक हाक मारा ना!" मी वैतागून म्हटलं. "भाऊ आहे तुमचा."

"तोंडी सांगितलेलं पुराव्यात धरत नाहीत," ते म्हणाले. पण त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारभर खुर्चीत नुसते बसून राहिले, पेपर नाही, नकाशा नाही. मग आतून आवाज आला, "बाई, अलिबागचा तो कागद कुठं ठेवलात? झेरॉक्स काढून आणा."

मोजणी खात्यात रिवाज असा, की मोजणीची नोटीस लगतच्या कब्जेदाराला द्यायची, म्हणजे ज्याची हद्द आपल्याला लागून आहे त्याला. त्यानं ती घेतली नाही, तर दोन पंचांसमक्ष त्याच्या दारावर चिकटवायची. चिकटवली की बजावली. मग कब्जेदाराला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. काकांनी आयुष्यभर लोकांच्या दारांवर अशा नोटिसा चिकटवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात निघाली. पुढं काका, इस्त्रीचा शर्ट, हातात वाटीभर भाताची खळ. मागं पंच क्रमांक एक म्हणजे मी, आणि पंच क्रमांक दोन म्हणजे नारळवाला गडी. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण पंच म्हटल्यावर त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. सतरा वर्षांत पहिल्यांदा काका त्या अंगणात शिरत होते. दाराशी जाऊन त्यांनी बोटांनी खळ लावली आणि कागद चिकटवला. खाली नकाशाची झेरॉक्स.

मजकूर असा होता: "विषय: डोळ्यांची मोजणी. सदर इसमाच्या नजरेची मोजणी अलिबाग मुक्कामी झाली असून डाव्या बाजूची हद्द कायमची गेली आहे. नकाशा सोबत. सदर इसमास डावीकडे उभा मनुष्य, जनावर अथवा झाड दिसत नाही. हा रोग वडिलांपासून असावा. आपण रक्ताने लगतचे कब्जेदार असल्याने आपल्यालाही तो लागू आहे. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता जातीने हजर राहून आपल्या नजरेची मोजणी करून घ्यावी. उशीर केल्यास गेलेली हद्द कोणतेही कोर्ट परत देऊ शकत नाही."

दार उघडलं. धाकटे बाहेर आले, काकांकडे न बघता वाचायला लागले. वाचता वाचता जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला, पार कागदाला नाक लागेस्तोवर वाकले. मग मला विचारलं, काकांना नाही, "बाई, हा काळा भाग म्हणजे काय?"

"तेवढं त्यांना दिसत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

ते झाडाकडे बघायला लागले. "म्हणजे मी त्या रविवारी..."

"हो."

"आणि गेल्या वर्षीही? मी त्याच्या देखत काढत होतो हो. मुद्दाम त्याच्या देखत. पहिल्यांदा एकच काढला, बघत बघत. तो काही बोलला नाही तेव्हा मी घरात येऊन देवापुढं साखर ठेवली. हिला म्हटलं, दादानं झाड सोडलं. आपल्याला सोडलं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "सोडलं नव्हतं होय. त्याला मी दिसलोच नव्हतो."

वहिनींनी दारात पदर तोंडाला लावला. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. काका पाच पावलांवर उभे होते, आमच्याकडे पाठ करून, जणू त्यांचा संबंधच नाही. ते गड्याला म्हणाले, "पंच, लक्षात ठेवा. नोटीस वाचली गेली." आणि तरातरा निघाले. निघताना त्यांचा डावा खांदा धाकट्यांच्या अंगणातल्या खांबावर सणकून आपटला. ते थांबले नाहीत. धाकट्यांचा हात मात्र आपसूक पुढं आला होता.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळच्या एसटीत काका पुढं बसले आणि मी मागं वळून वळून बघत होते. गाडी सुटता सुटता धाकटे चढले. काखेत फाइल. फायलीत सातबारा, वाटणीपत्र, जुना चष्म्याचा कागद, सगळं होतं. कोर्टातला माणूस, नोटीस आली म्हणजे कागदपत्रांसह हजर! ते मागच्या बाकावर बसले. अलिबागपर्यंत दोघांनी एकमेकांच्या दिशेची खिडकीसुद्धा बघितली नाही.

आतून धाकट्यांना बोलावलं तेव्हा काका बाहेर बाकावर बसले होते. मोजणी चालू असताना हा माणूस कधी असा बसलेला मी बघितला नव्हता. खिशातला टेप काढत होते आणि परत ठेवत होते. मी म्हटलं, "पाणी आणू?" ते म्हणाले, "बाई, झाड त्याच्या बाजूला निघालं तरी चालेल." मी जाऊन पाणी आणलं.

मग आम्हालाही आत घेतलं. धाकट्यांच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला होता. नस नुकती कुठं खचायला लागली होती. पण नकाशा, तो आम्ही तिघांनी एकदमच बघितला, नकाशा जवळजवळ पांढराशुभ्र होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी वेळेत आलात. आतापासून थेंब घातलेत तर हे असंच राखता येईल. स्वतःहून आलात की कुणी पाठवलं?"

धाकट्यांनी फाइल बंद केली. "नोटीस आली होती," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, आता दोघं गळ्यात गळे घालून रडले असतील. छे! कोकणातला माणूस आहे तो. परतीच्या एसटीतही एक पुढं, एक मागं. नीरफणस कुणाचा हे आजही ठरलेलं नाही. एवढाच फरक पडला, की धाकटे बांबू घेऊन आले की आधी मोठ्यानं खाकरायचे, आणि काका तिकडे मान वळवून "हूं" म्हणायचे आणि वहीत आकडा लिहायचे.

काकांचे थेंब रोज दिवेलागणीला मी घालायची. स्वतः घालायला गेले तर थेंब मिशीत जायचा आणि आठवड्यात बाटली संपायची. पलीकडे धाकट्यांचे थेंब वहिनी घालायच्या. असं नऊ-दहा महिने चाललं. मग आमच्या संस्थेनं माझी म्हसळ्याच्या शाळेत बदली केली. त्याच आठवड्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पेणला गेल्या. मला सामानापेक्षा थेंबांचीच काळजी. गड्याला शिकवून बघितलं. तो म्हणाला, "बाई, माडावर चढीन, पन डोळ्यात न्हाय घालनार."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत पुस्तकांच्या दोऱ्या बांधत होते. काका पडवीत माझी वाट बघत होते. खिडकीतून मला गडग्यापलीकडे धाकटे दिसले. उभ्या उभ्या मान मागं टाकून, तोंड वासून, बाटली उंच धरून थेंब डोळ्यात पाडायचा प्रयत्न करत होते. एक नाकावर. एक गालावर. एक कॉलरमध्ये. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मी हाक मारणार होते, तेवढ्यात काका उठले. त्यांनी मान वळवून नीट बघून घेतलं आणि हातानं खांब चाचपत, एकेक पाऊल टाकत गडग्यापाशी गेले. हात पुढं केला. धाकट्यांनी बाटली दिली नाही, नुसते बघत राहिले.

"वर बघ," काका म्हणाले.

अठरा वर्षांनी, हे दोन शब्द.

धाकट्यांनी बाटली दिली आणि वर बघितलं.

"तोंड मीट."

"तोंड मिटल्यावर डोळा मिटतो."

"लहानपणापासून तुझं असंच. हलू नकोस म्हटलं ना!"

थेंब बरोबर डोळ्यात पडला. समोरचं काकांना अजून स्वच्छ दिसायचं. मग धाकट्यांनी हात पुढं केला आणि काकांनी खिशातून आपली बाटली काढून दिली. धाकट्यांनी त्यांची हनुवटी धरली. "दादा, रडू नकोस, औषध वाहून जातंय." "मी कुठं रडतोय, तूच थरथरतोयस." मी दोरी हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेर जायची माझी गरज संपली होती.

थेंब घातल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन-तीन मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बजावून सांगितलं होतं. दोघं गडग्याला पाठ टेकून खाली बसले, एक अलीकडे, एक पलीकडे, बोटं नाकाशी, डोळे घट्ट मिटलेले. आता रोज संध्याकाळी ते असेच बसतात म्हणे, वहिनी परत आल्या तरी. आणि दिवसाची तेवढी दोन-तीन मिनिटं त्या हद्दीवर कुणाचंच लक्ष नसतं.